बायबलचा मजकूर, त्याचा काळ आणि सोबतची चित्रे: ऑनलाइन वाचन कसे करावे?

पांझराकाठ (धागाकर्ता, धुळे)

बायबल आता मोबाइलवर मराठीत सहज मिळते. यूव्हर्शनसारख्या ॲपमध्ये एकाहून अधिक मराठी भाषांतरे पाहता येतात, ध्वनिमुद्रित वाचन ऐकता येते, आणि त्याच मोबाइलवर नकाशे, उत्खननांची छायाचित्रे, संग्रहालयांतल्या वस्तू, हस्तलिखितांची पाने असे सगळे फुकट उघडते. आम्ही धुळ्यातील काही मंडळी आठवड्याला एकेक अध्याय घेऊन बसतो. त्यांत नेमाने चर्चला जाणारे आहेत, तसे माझ्यासारखे केवळ इतिहासाच्या ओढीने आलेलेही आहेत. सामग्री कमी पडते अशी कोणाचीच तक्रार नाही. अडचण आहे ती सामग्रीच्या पुराची. एका अध्यायासाठी शोध घेतला की संग्रहालयाचे अधिकृत छायाचित्र, कोणा चित्रकाराची कल्पना, सहल कंपनीची जाहिरात, नोहाचे तारू सापडल्याची बातमी आणि एआयने बनवलेले गुळगुळीत चेहरे एकाच रांगेत समोर येतात. यांतून वाट कशी काढावी, एवढाच या धाग्याचा विषय आहे. श्रद्धा योग्य की अयोग्य, हा वाद कृपया येथे आणू नये.

माझे मत आधीच मांडतो. मजकूर आधी पूर्ण वाचावा, मग नकाशावर ठिकाण पाहावे आणि वस्तू किंवा चित्र सर्वांत शेवटी उघडावे. वस्तू समोर आल्यावर ती काय सांगते हे जसे टिपून ठेवतो, तसे ती कशाबद्दल गप्प आहे हेही टिपून ठेवावे. चित्र आधी पाहिले की मजकूर त्या चित्राच्या चौकटीतच वाचला जातो, आणि नंतर ती चौकट मोडणे फार कठीण होते.

उदाहरणादाखल राजे या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातील अठरावा व एकोणिसावा अध्याय घेतो. यरुशलेम ही राजधानी असलेल्या यहूदा राज्याचा राजा हिज्कीया याच्यावर अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब चालून येतो. हे इसवी सनपूर्व ७०१ मधले प्रकरण आहे. मजकुरात लाखीश या शहराचे नाव जाता जाता येते. तेथे सन्हेरीबाचा तळ होता आणि हिज्कीयाने तेथे निरोप धाडून खंडणी कबूल केली, एवढेच. वाचणारा तेथून पटकन पुढे सरकतो, कारण सगळे लक्ष यरुशलेमकडे असते.

आता ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर लाखीशचे शिल्पपट उघडावेत. अश्शूरची राजधानी निनवे येथे सन्हेरीबाच्या राजवाड्यातील एका दालनाच्या भिंती या दगडी पटांनी मढवलेल्या होत्या. छायाचित्र मोठे करून सावकाश पाहिले तर शहराच्या तटाला लावलेला मातीदगडाचा उतार दिसतो, त्यावरून वर ढकललेली तटफोडी यंत्रे दिसतात, आणि वरून फेकलेल्या पेटत्या मशालींनी यंत्र पेटू नये म्हणून आत बसलेला सैनिक लांब दांड्याच्या पळीने त्यावर पाणी ओतताना दिसतो. पुढच्या पटांवर वेशीतून बाहेर पडणारी माणसे आहेत, बैलगाडीवर बोचकी आहेत, बोचक्यांवर बायका-मुले बसली आहेत. पार्श्वभूमीला द्राक्षवेली आणि अंजिराची झाडे कोरलेली आहेत. ज्या गावाला मजकुरात एक ओळही धड मिळालेली नाही, ते गाव कसे पडले हे जिंकणाऱ्याने भिंतभर कोरून ठेवले. तो उतार प्रत्यक्ष लाखीशच्या टेकाडावरही उत्खननात सापडला आहे, म्हणजे शिल्पकाराने हवेतून काही काढलेले नाही.

याच मोहिमेचा सन्हेरीबाने लिहवून घेतलेला वृत्तांत मातीच्या सहा बाजूंच्या लोलकावर आहे. त्याला टेलर लोलक म्हणतात आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. आपण यहूदाची ४६ तटबंद शहरे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा यरुशलेमात कोंडला, असे राजा त्यात सांगतो. खंडणीचे सोने दोन्हीकडे ३० किक्कार (वजनाचे जुने माप) आहे. चांदी मात्र बायबलमध्ये ३०० आणि अश्शूरी वृत्तांतात ८०० आहे. यरुशलेम जिंकले असे अश्शूरी राजाही म्हणत नाही. का जिंकले नाही, याचे उत्तर बायबल देवदूताच्या हस्तक्षेपाने देते आणि लोलक त्याबाबत मौन पाळतो. दोन पक्षांनी एकाच घटनेचे सांगितलेले हे दोन वृत्तांत शेजारी ठेवून वाचण्यात जो आनंद आहे, तो 'बायबल खरे ठरले' किंवा 'बायबल खोटे ठरले' अशा मथळ्यांच्या चित्रफितीत मिळत नाही.

त्याच हिज्कीयाने नगरात पाणी आणल्याचा उल्लेख विसाव्या अध्यायात आहे. यरुशलेममध्ये खडकातून खोदलेला सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा आजही आहे आणि त्यातून पाणी वाहते. १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर एक शिलालेख सापडला, जो आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दोन बाजूंनी खोदत येणाऱ्या कामगारांना खडकापलीकडून एकमेकांचे आवाज ऐकू आले आणि मग टिकावाला टिकाव भिडला, असा प्रसंग त्यात आहे. मात्र त्या लेखात हिज्कीयाचे नाव कोठेही नाही, कोणत्याच राजाचे नाही. बोगदा हिज्कीयाचा मानतात तो लिपीच्या वळणावरून, इतर पुराव्यांवरून आणि बायबलमधील उल्लेखावरून. पुष्कळ संकेतस्थळे मात्र 'हिज्कीयाचा शिलालेख' असे लिहून मोकळी होतात. वस्तू कशाबद्दल गप्प आहे ते टिपावे, असे म्हणतो ते यासाठीच.

आपल्यापैकी कोणी अशा तऱ्हेने वाचत असल्यास कोणती साधने वापरता, कोठे फसगत होण्याचा संभव असतो, हे लिहावे.

दादर_आणि_कापूस (शिरपूर)

नमस्कार पांझराकाठ साहेब. विषय उत्तम निवडला आहे. मी शेतकरी आहे, त्यामुळे माझे वाचन राजांपेक्षा शेतावर अधिक अडते. रूथचे पुस्तक वाचताना मला कोणत्याही चित्राची गरज भासली नव्हती. सातूची कापणी, कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचणाऱ्या बायका, रात्री खळ्यावर राशीशेजारी झोपलेला बवाज, हे सगळे मला ओळखीचे वाटले. पण ही ओळखच फसवी आहे. आमच्याकडे पावसाळा जूनला सुरू होतो आणि दादर ज्वारी रब्बीत, जमिनीच्या ओलीवर येते. त्या देशात पाऊस साधारण ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन वसंतापर्यंत असतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. सातू एप्रिलच्या आसपास आणि गहू त्यानंतर मे-जूनमध्ये कापला जातो. म्हणजे त्यांची मळणी चालते तेव्हा पाऊस येऊन रास भिजण्याची धास्ती नसते. म्हणूनच संदेष्टा शमुवेल याने गव्हाच्या कापणीच्या दिवसांत गर्जना आणि पाऊस मागितला तेव्हा लोक इतके का घाबरले, हे त्या देशाचे पाऊसपाणी समजल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे मळणीला अवकाळी आला तर माणूस कपाळाला हात लावतो, पण त्याला चमत्कार म्हणत नाही.

यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे गेझेरची दिनदर्शिका. हा तळहाताएवढा चुनखडीचा तुकडा १९०८ मध्ये गेझेर येथील उत्खननात सापडला. तो इसवी सनपूर्व दहाव्या शतकातला मानतात आणि तोही इस्तंबूलमध्ये आहे. त्यावर वर्षाची विभागणी शेतीकामांनी केली आहे: दोन महिने साठवणीचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस काढण्याचा, एक सातूच्या कापणीचा, एक कापणी व मोजणीचा, दोन वेलींच्या निगराणीचे आणि एक उन्हाळी फळांचा. बायबलमध्ये कोठेही पीक आले की मी हा तक्ता शेजारी उघडतो.

छायाचित्रांसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील मॅटसन संग्रह पाहावा. यरुशलेममधील अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी १८९८ ते १९४६ या काळात काढलेली छायाचित्रे त्यात आहेत आणि ती मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. खळ्यावर बैलांमागे ओढली जाणारी, खाली दगड ठोकलेली मळणीची फळी त्यात पाहिली तेव्हा यशयातील 'तीक्ष्ण दातांचे मळणीयंत्र' कळले. आमच्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे, फळी नसे. बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये अशी आज्ञा आहे. आमच्याकडे सर्रास बांधत, हे वडीलधाऱ्यांना विचारल्यास कळेल.

अजिंठ्याच्या_वाटेवर (जळगाव)

मी चित्रकला शिकवते. धागाकर्त्यांचे 'चित्र शेवटी' हे म्हणणे मला पटते, पण त्यात एक भेद करायला हवा. उत्खननातील वस्तूचे छायाचित्र आणि प्रसंगावर काढलेले चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारचे चित्र ज्या प्रसंगाचे असते त्या काळाचा पुरावा नसते. ते काढणाऱ्याच्या काळाचा पुरावा असते. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या उंबरठ्यावर अजिंठा आहे, त्यामुळे हे आपल्याला लवकर कळायला हवे. तेथील बहुतेक भित्तिचित्रे पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळातील आहेत. त्यांत बुद्धाच्या चरित्रातील आणि जातकांतील प्रसंग आहेत. पण चित्रांतली वस्त्रे, दागिने, खांब, महाल पाहून कोणी इतिहासकार बुद्धाच्या काळातील पोशाख ठरवत नाही. वाकाटककालीन राहणी समजून घ्यायला मात्र तीच चित्रे सोन्याच्या मोलाची आहेत.

हाच न्याय येशूच्या चित्रांना लावावा. घराघरांतील दिनदर्शिकांवर दिसणारा, लांब तपकिरी केसांचा, उजळ चेहऱ्याचा येशू बहुधा अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॉलमन याने १९४० मध्ये काढलेल्या चित्राच्या वळणाचा असतो. त्या चित्राच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. याउलट सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील एका घरचर्चच्या भिंतीवरची चित्रे सापडली, जी आता येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत. तेथे पक्षाघात झालेल्या माणसाला बरा करणारा येशू आखूड केसांचा, दाढी नसलेला तरुण आहे, आणि त्या माणसाने आपली बाज पाठीवर उलटी घेतली आहे. तेही येशूचे प्रत्यक्ष पाहून काढलेले रूप नव्हे. पण त्या काळातील ख्रिस्ती माणूस त्याला कसा पाहत होता हे त्यातून कळते. मुलांना ही दोन चित्रे शेजारी दाखवली की ती स्वतःच प्रश्न विचारू लागतात.

शेवटच्या भोजनाचे लिओनार्दोचे चित्र तर मजकुरावर अक्षरशः स्वार झाले आहे. लांब मेजाच्या एका बाजूला बसलेले तेरा जण ही पंधराव्या शतकाच्या अखेरीची मिलान शहरातील मांडणी आहे. येशूच्या काळी मेजवानीला डाव्या कोपरावर टेकून, आडवे होऊन जेवण्याची रीत होती. योहानाच्या शुभवर्तमानातील (येशूच्या चरित्रातील) तेराव्या अध्यायात एक शिष्य येशूच्या उराशी टेकलेला आहे आणि तो मागे रेलून प्रश्न विचारतो. खुर्च्या आणि मेज डोळ्यांसमोर ठेवले तर हा प्रसंग अवघडल्यासारखा वाटतो. आडवे बसलेले पाहुणे डोळ्यांसमोर आणले की तो अगदी सहज होतो. म्हणून या अध्यायासोबत मी लिओनार्दोऐवजी रोमन भोजनगृहांचे अवशेष दाखवते.

एक अवांतर. आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) हे मूळचे गोव्याचे चित्रकार पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी मरियेला साडीत, भारतीय अंगणात रंगवले. अशी चित्रे इतिहासाच्या नावाखाली दाखवू नयेत. पण आपल्या मातीतल्या श्रद्धेने मजकूर कसा आपलासा केला हे दाखवायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही. ती अवश्य पाहावीत, योग्य मथळ्याखाली पाहावीत, इतकेच.

नवापूरकर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी ख्रिस्ती विश्वासू कुटुंबातला आहे आणि आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तरुणांचा वचनाचा वर्ग घेतो. घरी मावची बोलणारी मुले, शाळेत मराठी शिकलेली. बायबलही ती मराठीतूनच वाचतात. माझी शंका थोडी वेगळी आहे. पांझराकाठ साहेबांच्या रीतीने वाचू लागलो तर अर्धा तास लाखीशमध्ये आणि अर्धा तास बोगद्यात जाईल, आणि ज्या प्रार्थनेसाठी आम्ही तो अध्याय वाचतो, ती हिज्कीयाने सन्हेरीबाचे धमकीचे पत्र मंदिरात पसरून केलेली प्रार्थना तशीच राहून जाईल. आमच्यासाठी वचन हे आधी ऐकण्याचे आणि पाळण्याचे आहे. पुरातत्त्वाच्या कुबड्या लावूनच ते उभे राहते असा मुलांचा समज झाला, तर उद्या एखाद्या संशोधकाने मत बदलले की मुलांचे पाय लटपटतील. माझा विरोध नाही. पण प्रमाण किती असावे हे कोणीतरी सांगावे.

पांझराकाठ

नवापूरकर, आपला प्रश्न रास्त आहे आणि आपण तो फार संयमाने मांडला आहे. माझ्या दृष्टीने आपल्या वर्गात लाखीशसाठी दहा मिनिटे पुरेशी आहेत, आणि ती त्या प्रार्थनेच्या आड येणार नाहीत. हिज्कीया मंदिरात ते पत्र देवापुढे पसरतो तेव्हा त्याच्या राज्यातील शहरे पडत होती आणि माणसे बैलगाड्यांतून हद्दपार होत होती, हे ज्याने शिल्पपटावर पाहिले आहे त्याला ती प्रार्थना कोणत्या भीतीतून आली हे सांगावे लागत नाही. वस्तूने प्रार्थना सिद्ध होत नाही आणि तिचे तसे कामही नाही. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगितले तर संशोधकांची मते बदलली तरी त्यांना धक्का बसू नये.

नकाशाचे तर नुकसान काहीच नाही. चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला घ्या, म्हणजे यरुशलेमहून यरीहोला जाताना लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर आणि उतार हजार मीटरचा. वाट ओसाड डोंगरांतून जाते. मोबाइलच्या नकाशात उंचसखलपणा दाखवणारा थर चालू करून ही वाट मुलांना बोटाने धरायला सांगा. लुटारूंना दबा धरायला ही वाट का सोयीची होती, ते तोरणमाळचा घाट उतरलेल्या मुलांना समजावून सांगावे लागणार नाही.

शोधक_पण_संशयी (चाळीसगाव)

मी या चर्चेत थोडा कडू घोट घालतो. धागाकर्त्यांनी सोयीचे उदाहरण निवडले आहे. हिज्कीयाच्या काळाबाबत बायबल, अश्शूरी लेख आणि उत्खनन यांचा बराच मेळ बसतो. सर्वत्र तसे नाही, आणि वाचकाला तेही दाखवले पाहिजे. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएल लोक चालून आले तेव्हा यरीहोचा तट कोसळला, असे बायबल सांगते. त्या तटाचे पाहा. १९३० च्या दशकात जॉन गारस्टँग यांना तेथे पडलेला तट सापडला आणि त्यांनी तो यहोशवाच्या काळचा ठरवला. पुढे १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी तेथेच अधिक काटेकोर पद्धतीने खोदकाम केले, तेव्हा तो तट त्याहून सुमारे हजार वर्षे जुना निघाला. इंटरनेटवर गारस्टँग यांची छायाचित्रे आजही 'यरीहोचा पडलेला तट' म्हणून फिरतात. केन्यन यांचे नाव तेथे औषधालाही नसते.

दुसरे उदाहरण लूकच्या दुसऱ्या अध्यायातील नावनिशीचे (जनगणनेचे). सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या काळातील नावनिशीच्या वेळी येशू जन्मला, असे तेथे म्हटले आहे. मत्तयाच्या वृत्तांतात येशूचा जन्म राजा हेरोदाच्या हयातीत होतो आणि हेरोदाचा मृत्यू सहसा इसवी सनपूर्व ४ मध्ये धरला जातो. क्विरीनियच्या कारकिर्दीतील जी नावनिशी जोसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवली आहे, ती इसवी सन ६ मधली आहे. हा मेळ कसा घालावा यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. श्रद्धावान अभ्यासकांनी निरनिराळे तोडगे सुचवले आहेत, इतर अभ्यासक लूकची गल्लत झाली असे म्हणतात. वाचकाला दोन्ही बाजू दाखवाव्यात आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

आणि वस्तूच खोटी असेल तर? वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमध्ये मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (त्या समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचे) म्हणून ठेवलेले १६ तुकडे होते. २०२० मध्ये तपासणीअंती ते सगळेच्या सगळे बनावट असल्याचे त्याच संग्रहालयाने जाहीर केले. म्हणून मी प्रत्येक वस्तूबाबत एकच गोष्ट आधी पाहतो: ती नोंदवलेल्या उत्खननात, कोणत्या थरात सापडली, की बाजारातून विकत घेतलेली आहे? लाखीशचे शिल्पपट, कैसरिया येथे १९६१ मध्ये सापडलेला, येशूला शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात याच्या नावाचा दगड, तेल दान येथे १९९३ मध्ये सापडलेला 'दाविदाचे घराणे' असा उल्लेख असलेला शिलालेख हे उत्खननातून आलेले आहेत. बाजारातून आलेल्या वस्तूवर मी एकही वाक्य बेतत नाही.

थर म्हणजे काय, हे आपल्या भागातील वाचकाला परदेशी पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आपल्या नदीकाठच्या गावांजवळ जी पांढरी असते, जिथल्या मातीत खापराचे तुकडे निघतात, तीच तिकडची 'तेल' म्हणजे वस्तीवर वस्ती चढून झालेले टेकाड. तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर एकावर एक मिळाले. यरीहोचा वाद हा अशाच थरांतल्या कोणत्या तटाला कोणते शतक द्यायचे याचा वाद आहे.

भुसावळ_जंक्शन

वस्तूंची चर्चा झाली, पण खुद्द मजकूर ज्यावर लिहिला होता त्याकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. ऑनलाइन वाचनाची खरी चैन हस्तलिखितांत आहे. सीनाय डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठातून जगापुढे आलेली चौथ्या शतकातील ग्रीक हस्तपोथी, कोडेक्स सिनायटिकस, आज चार ठिकाणी विभागलेली आहे: लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि तो मूळ मठ. चारही ठिकाणची पाने २००९ पासून एकाच संकेतस्थळावर एकत्र पाहता येतात. जी पोथी प्रत्यक्षात कोणत्याही अभ्यासकाला एका जागी पाहता येत नाही, ती यावलमधल्या मुलाला मोबाइलवर सलग पाहता येते.

पान मोठे करा. बहुतेक पानांवर चार स्तंभ, दोन शब्दांत जागा नाही, अध्यायांचे व वचनांचे आजचे आकडे नाहीत. ते आकडे फार नंतरचे आहेत: अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या कराराची वचने रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये पाडलेली. समासात आणि ओळींच्या वर नंतरच्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या दिसतात. त्याच संकेतस्थळावर पान तिरप्या उजेडात पाहण्याची सोय आहे. त्यात चर्मपत्राच्या सुरकुत्या आणि लेखकाने ओळींसाठी आखलेल्या रेघा उठून दिसतात.

आता मार्कचे शेवटचे पान शोधा. सोळाव्या अध्यायातील आठव्या वचनावर, स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळाल्या तेथे, शुभवर्तमान संपते. खाली उरलेला स्तंभ रिकामा आहे आणि पुढच्या स्तंभात लूक सुरू होतो. आपल्या बायबलमधील नऊ ते वीस ही वचने तेथे नाहीत. व्हॅटिकनमधील तितक्याच जुन्या पोथीतही नाहीत. मला वाटते, ही गोष्ट मुलांपासून लपवून ठेवण्यापेक्षा त्यांना ते पान दाखवावे, आणि नंतरच्या असंख्य हस्तलिखितांत ती वचने आहेत हेही सांगावे. नवापूरकर दादांची काळजी मला समजते, पण ज्याने हे वर्गात शांतपणे पाहिले आहे, तो उद्या एखाद्या भडक चित्रफितीने गडबडणार नाही.

जुन्या करारासाठी मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या गुहेतील यशयाची मोठी गुंडाळी पाहावी. ती १९४७ मध्ये सापडली, सात मीटरहून लांब आहे, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची मानतात आणि यरुशलेमच्या इस्राएल म्युझियमने २०११ मध्ये ती ऑनलाइन ठेवली. पडद्यावर ती उजवीकडून डावीकडे सरकवत वाचायची असते, हेच पाहून आमच्या भाच्याला नवल वाटले.

नवापूरकर

भुसावळ_जंक्शन, मार्कचे पान आजच पाहिले. वर्गात दाखवण्याआधी आमच्या पाळकांशी बोलेन, कारण हा विषय मी एकट्याने उघडणे बरे नव्हे. शोधक साहेबांचा 'उत्खनन की बाजार' हा प्रश्न मात्र मी लगेच उचलतो. मुलांना मोबाइलवर आलेल्या प्रत्येक फोटोला तो विचारायला सांगता येईल.

एक व्यावहारिक अडचण राहते. आमच्या काही पाड्यांवर नेटवर्क मिळत नाही आणि एवढी मोठी छायाचित्रे तेथे उघडत नाहीत. पुढच्या वेळी आम्ही योहानाचा पाचवा अध्याय, बेथेस्दाच्या तळ्याजवळचा अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस, घेणार आहोत. कोणती चित्रे आधी उतरवून ठेवू?

अजिंठ्याच्या_वाटेवर

नवापूरकर दादा, तीन पुरेशी आहेत. पहिले, यरुशलेममधील सेंट ॲन चर्चच्या आवारातील उत्खननाचे वरून घेतलेले छायाचित्र, ज्यात खोल खड्डे आणि त्यांवर चढलेल्या नंतरच्या काळच्या भिंती व कमानी दिसतात. दुसरे, त्याच जागेचा साधा रेखाटलेला आराखडा. तेथे दोन तळी होती आणि मध्ये एक बांध होता. चार बाजूंना चार आणि मधल्या बांधावर एक, अशा पाच पडव्या धरल्या की योहानाने सांगितलेला आकडा जुळतो. आराखड्यावर मुलांना स्वतः मोजू द्यावे. तिसरे म्हणजे दुरा-युरोपोसच्या भिंतीवरचा बाज उचललेला माणूस. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातही बाज उचलून चालणारा माणूस आहे आणि दुराचे चित्र बहुतेक जण त्याच प्रसंगाचे मानतात, हे चित्राखाली लिहून ठेवावे.

शोध घेताना पांढऱ्याशुभ्र खांबांचे, स्वच्छ पाण्याचे एक देखणे छायाचित्र आपल्याला वारंवार दिसेल. ते इस्राएल म्युझियमच्या आवारातील यरुशलेमच्या प्रतिकृतीचे आहे. ती पन्नासास एक या प्रमाणात बांधलेली असून १९६६ मध्ये प्रथम खुली झाली. वापरायला हरकत नाही, फक्त त्यावर 'प्रतिकृती' असा शब्द मोठ्या अक्षरांत टाकून मगच गटावर पाठवावे, कारण एकदा पुढे गेलेल्या छायाचित्राचा मथळा गळून पडतो. फाइलींचा आकार कमी करून आज रात्री येथे दुवा देते.

दादर_आणि_कापूस

ताई, दुवा दिलात तर त्यात मॅटसन संग्रहातील मेंढवाड्याचे एक छायाचित्रही घालावे. योहानाचा दहावा अध्याय त्यांना पुढे लागणारच आहे, आणि दगडी कुंपणाच्या माथ्यावर काटेरी फांद्या रचलेला तो वाडा पाहिला की 'दारातून न येता दुसरीकडून चढून येणारा' चोर कोठून चढत असेल हे दिसते.